विहिरीतले पारवे आणि बाल्कनीतली कबुतरं

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या सोसायटीच्या वॉचमनने दोन कबुतरं पकडली आणि शिजवून खाल्ली. त्यावरून जे काही झालं त्यात मी गप्प बसलो, ते गप्प बसणं अजून टोचतंय, म्हणून आज लिहायला बसलोय.

आम्ही विजापूर रोडला राहतो, चार मजल्यांची बिल्डिंग, खाली पार्किंगच्या कोपऱ्यात वॉचमनची पत्र्याची खोली. त्या दिवशी संध्याकाळी आठच्या सुमाराला खालून वास यायला लागला, लसूण आणि काळं तिखट तापलेल्या तेलात पडलं की येतो तो, सोलापुरात त्या वासाचं कुणाला काय कौतुक, घरोघरी तोच असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना खोलीच्या मागे पिसं दिसली. राखाडी, आणि त्यात मानेवरची ती बारीक, हिरवी-जांभळी चमकणारी. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि मग दिवसभर ग्रुप पेटलेला. जानेवारीच्या मीटिंगमध्ये जी माणसं म्हणाली होती की विष घाला, काय पण करा, पण ही कबुतरं घालवा एकदाची, तीच आता म्हणायला लागली की किती क्रूर माणूस ठेवलाय आपण गेटवर. संध्याकाळी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, झापलं, पगारातले पाचशे रुपये कापले. तो आळंदच्या बाजूचा, कर्नाटकातला, घरी कानडी आणि आमच्याशी मराठी. खाली मान घालून एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणायलता की लय त्रास हाय म्हणून." मी त्याच्यापासून तीन फुटांवर उभा होतो.

मी का बोललो नाही? कारण बोललो असतो तर सांगावं लागलं असतं की मीपण पारवा खाल्लेला आहे. एकदा नाही, लहानपणी दर सुट्टीत.

आधी कबुतरांच्या त्रासाचं सांगतो, कारण तो त्रास खरा आहे आणि तो उडवून लावायचा नाहीये मला. आमच्या बाल्कनीत कूलर आहे. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला कूलर म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, पारा ४३-४४ ला गेला की रात्री दोनला पण भिंती गरम लागतात. त्या कूलरच्या आणि भिंतीच्या मधल्या वीतभर फटीत कबुतरांनी संसार मांडलेला. खाली विष्ठेचा थर, वाळून पांढरा पडलेला, त्यात काड्या, पिसं, एक-दोन वायरचे तुकडे. सकाळी साडेपाचला घुमायला सुरुवात. आणि माझी आई, वय ७३, गेल्या उन्हाळ्यापासून खोकत होती. कोरडा खोकला, जिना चढताना दम. आधी सगळे म्हणाले हवा बदलली, मग म्हणाले ॲलर्जी, तीन महिने सिरपवर गेले. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी सिटी स्कॅन काढायला लावला आणि स्कॅन बघायच्या आधीच पहिला प्रश्न विचारला, "घराला लागून कबुतरं आहेत का?" आणि दुसरा, "कूलर आहे का?"

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेतले आणि पिसांवरच्या भुकटीतले कण श्वासातून सारखे आत जात राहिले की काही जणांची फुप्फुसं त्यावर चिडतात, सुजतात, आणि वेळेत थांबवलं नाही तर आतून कडक होत जातात, मग ते परत मऊ होत नाहीत. आईचं सुरुवातीचं होतं. डॉक्टर म्हणाले औषध मी देतो पण खरं औषध म्हणजे त्या जागेपासून लांब राहणं. घरी येऊन मी जे सापडेल ते वाचायला लागलो. २०१७ साली आपल्या देशातल्या १९ शहरांमधल्या १,०८४ पेशंटची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास छापून आला होता, फुप्फुसाच्या असल्या आजारांचा. त्यात जवळजवळ निम्म्या लोकांना हाच न्यूमोनायटिस होता, आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी एअर कूलर होता. ओल्या गवताच्या पॅडमध्ये बुरशी धरते, पंखा ती घरभर फेकतो. हे वाचल्यावर मी बराच वेळ कूलरकडे बघत बसलो. गेले वर्षभर आम्ही सगळे कबुतराच्या नावाने खडे फोडत होतो आणि दर मार्चमध्ये जुनेच पॅड झटकून परत लावत होतो, ते झटकायचं काम आईच करायची.

तर त्रास आहेच. पण त्रास होता म्हणून खाल्लं यात इतकं काय वाईट, हा प्रश्न मला सोडत नव्हता, आणि त्याचं कारण माझं आजोळ.

आजोळ मंगळवेढ्याकडे. काळी जमीन, मालदांडी ज्वारी, झाड औषधाला नाही. मामाच्या मळ्यात जुनी दगडी विहीर होती, चांगली पन्नास-साठ फूट खोल, बांधताना आतल्या बाजूने दगडांत कोनाडे सोडलेले. त्या कोनाड्यांत पारवे राहायचे. आमच्याकडे गावात कबुतर कोणी म्हणत नाही, पारवाच. कबुतर म्हणजे पाळलेलं, पांढरं, शहरातलं. पारवा म्हणजे विहिरीतला, किल्ल्याच्या बुरुजातला, देवळाच्या शिखरातला. पक्षी एकच आहे खरं तर, तो मुळात कड्याकपारीत राहणारा, झाडावर सहसा घरटं करत नाही, त्याला उभी भिंत आणि त्यात एक आडोसा लागतो. विहीर म्हणजे त्याला खाली उतरलेला कडा. आणि आमची बाल्कनी म्हणजे वर चढलेली विहीर असणार.

दुपारी विहिरीत वाकून "हू" केलं की आतून फडफड करत पन्नास-साठ पारवे एकदम वर यायचे, चेहऱ्यावर वारा लागायचा, आणि त्या वाऱ्याला एक वास असायचा, ओल्या दगडाचा आणि पिसांचा. तसला वारा मी नंतर कुठेच अनुभवला नाही.

हे पारवे शेतकऱ्याला काही लाडके नव्हते. हुरड्याच्या दिवसांत कणसावर, नंतर खळ्यावर, पेरणीच्या वेळी तर पाभरीच्या मागे मागे चालत दाणे टिपायचे. मामा राखणीला गोफण घेऊन बसायचा. सकाळभर शिव्या द्यायचा त्यांना. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एका रात्री, अमावास्येच्या आसपास, कारण तेव्हा पारव्याला दिसत नाही आणि तो जागचा हलत नाही, मामा विहिरीत उतरायचा. वरून आम्ही पोरं जुनी सोलापुरी चादर विहिरीच्या तोंडावर धरून उभी, उडालाच एखादा तर अडकावा म्हणून. मामाच्या तोंडात बॅटरी, खांद्याला पिशवी, पायऱ्या संपल्या की दगडाच्या खोबणीत बोटं घालून घालून सरकायचा. कोनाड्यात हात घालायचा आणि आधी चाचपायचा. अंडी असली तर हात काढून घ्यायचा. अंगावर पिसं न फुटलेली पिवळ्या लवेची पिल्लं असली तरी काढून घ्यायचा. पिसं पूर्ण आलेली, अंगाने आईबापाएवढी झालेली पण अजून उडाली नाहीत अशी पिल्लं असली तर दोनातलं एक घ्यायचा.

पारवी दोनच अंडी घालते. दोनातलं एकच का, हे मी त्याला विचारलं होतं, मी तेव्हा दहा वर्षांचा असेन, सन १९८८ वगैरे. मामा म्हणाला, "ती आपली जवारी खात्यात, आपुन त्यास्नी खातो. हिशेब हाय त्यो. पर हिशेब करताना बाकी ठिवायची, समदं वसूल करायचं न्हाई." एवढंच. मामा चौथी शिकलेला.

मग पहाटे मामी ते करायला घ्यायची. कोंबडीसारखं गरम पाण्यात बुडवायचं नाही, पिसं कोरडीच उपटायची, पारव्याची पिसं सैल असतात, हाताला लगेच येतात, आणि ढगासारखी उडतात म्हणून मामी गोठ्याच्या मागे बसायची. मग चुलीच्या जाळावर फिरवून बारीक लव जाळायची, तो करपलेला वास, मग हळद चोळून धुवायचं. आतलं मांस लाल, जवळजवळ काळपट, कोंबडीपेक्षा मटणाच्या जवळचं. अख्ख्या पक्ष्यात छातीच काय ती भरलेली, कारण उडायचे सगळे स्नायू तिथे. मोठा, उडणारा पारवा घेतला तर तीच छाती चिवट होते, कितीही शिजवा, आणि न उडालेल्या पिल्लाची लोण्यासारखी, त्याने ते स्नायू अजून वापरलेलेच नसतात. मामाचा नेम तोंडाच्या चवीला पण बरोबर होता म्हणजे.

कांदा आणि सुकं खोबरं चुलीत भाजून, लसूण, आलं, तीळ, घरचं काळं तिखट, पाट्यावर वाटलेलं. मातीच्या भांड्यात तेल, वाटण, तेल सुटेपर्यंत परतायचं, मग तुकडे, मग गरम पाणी. शेवटी शेंगदाण्याचं कूट मूठभर, रस्सा दाट व्हायला. चार पक्ष्यांत आम्ही नऊ जण जेवायचो. एकेकाच्या वाट्याला दोन तुकडे, बाकी रस्सा, आणि त्यात कडक भाकरीचा चुरा. हाडं एवढी बारीक की मामी लहान पोरांना स्वतः काढून द्यायची, आणि आम्ही ती चोखून चोखून पांढरी करायचो. वाया काही जायचं नाही. जायची सोयच नव्हती, होतंच किती.

शहरात पारवा आमच्या घरात आला तो औषध म्हणून. आजोबांना, वडिलांच्या वडिलांना, लकवा झाला. तेव्हा आम्ही साखर पेठेत राहायचो, वाड्यात चार भाषा चालायच्या, आम्ही मराठी, वरती तेलुगू पद्मशाली कुटुंब त्यांच्या हातमागासकट, मागे कानडी लोक, आणि गल्लीच्या तोंडाला चाचा, त्यांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ. लकव्यावर पारव्याचं मांस, ते गरम असतं, रक्त पातळ करतं, असं चारही भाषांतून आम्हाला सांगण्यात आलं. त्या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत. चाचांनी ढाबळीतली दोन पिल्लं दिली, पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले, "मेरे हात के दाने खाए सो हैं, चोखे हैं." आजीने केलं, आजोबांना भरवलं, एका बाजूने रस्सा ओघळायचा आणि आजी पदराने पुसायची. हात काही परत आला नाही त्यांचा. आज मला माहितीये की लकवा म्हणजे बहुतेक वेळा मेंदूचा रक्तपुरवठा अडकलेला असतो, आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं, तेव्हा ते आमच्या गावापर्यंत आलेलंच नव्हतं. कुणाच्या घरी आज असं झालं तर कृपा करून कबुतर शोधत बसू नका, गाडी काढा आणि ज्या हॉस्पिटलात मेंदूचा स्कॅन होतो तिथे थेट जा. मला हे मनापासून सांगायचंय, कारण लोक अजूनही शोधत फिरतात, चांगली शिकलेली माणसं.

पण आजोबांनी ते चवीने खाल्लं होतं, हेही खरं.

वरच्या मजल्यावरच्या अव्वा तेव्हा एक गोष्ट बोलल्या होत्या ती मला आता उलगडते. त्या विड्या वळता वळता चाचांच्या कबुतरांना वरून हाका मारायच्या, पावुरम, पावुरम. मला वाटायचं पावुरम म्हणजे कबुतर, आणि ते बरोबरच आहे, कानडीत पारिवाळ, तेलुगूत पावुरम, सगळे एकमेकांचे नातेवाईक शब्द. पण एकदा त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवत तोच शब्द म्हटला. मी म्हटलं अव्वा, मी काय कबुतर आहे का. तर हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे मायेला पण पावुरम म्हणतात. तेलंगणातून आलेल्या लोकांच्या बोलीत खरंच तसं आहे, नंतर मी दोन-तीन जणांना विचारून खात्री केली.

माया आणि पक्षी एका शब्दात, आणि त्याच गल्लीत त्याच पक्ष्याचा रस्सा. लहानपणी यात मला काहीच विसंगत वाटलं नव्हतं. आता ग्रुपवर वाचताना वाटतं की आपलं कुठेतरी तुटलंय ते इथेच.

आपण खाणारे नव्हतोच असं म्हणायला पण जागा नाही. चरकसंहितेत कशाबरोबर काय खाऊ नये याची मोठी यादी आहे, त्यात म्हटलंय की मोहरीच्या तेलात तळलेलं कपोत मध आणि दुधाबरोबर खाऊ नये. आता एखादी गोष्ट अमक्यासोबत खाऊ नका असं वैद्य तेव्हाच सांगतो जेव्हा लोक ती खात असतात. आणि जगात तर किती ठिकाणी हा साधा जेवणातला पदार्थ आहे. इजिप्तमध्ये कबुतराच्या पोटात भात नाहीतर कच्चा भाजलेला गहू भरून करतात, हमाम महशी म्हणतात त्याला, घरी पाहुणा आला की करायचा पदार्थ. तिकडे खेड्यांत मातीचे उंच निमुळते बुरूज बांधतात कबुतरांसाठी, आत शेकडो कोनाडे. पिल्लं खायला आणि विष्ठा शेताला. इराणात इस्फहानच्या आसपास तसेच बुरूज, तिथे तर मुख्य काम खताचंच, टरबुजांच्या शेतांसाठी. ज्या विष्ठेने माझ्या आईची छाती भरली तीच तिकडे बुरुजात गोळा करून शेताला घालतात. आमच्या मामाच्या विहिरीतला गाळ काढला की तोही पहिल्यांदा भाजीच्या वाफ्यात जायचा.

इजिप्तवरून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, आमच्या गावच्या लोकांना ती जास्त कळेल. दिन्शवाय नावाचं खेडं आहे नाईलच्या खोऱ्यात. १३ जून १९०६ ला काही ब्रिटिश अधिकारी तिथे मौज म्हणून कबुतरांची शिकार करायला गेले. ती कबुतरं रानातली नव्हती, गावकऱ्यांच्या बुरुजांतली, त्यांच्या चुलीची. गावकरी भडकले, मारामारी झाली, बंदूक उडून गावातली एक बाई जखमी झाली, आणि पळून जाताना एक अधिकारी ऊन लागून मेला. त्याबद्दल खास कोर्ट बसवून ५२ जणांवर खटला चालवला आणि पंधरा दिवसांच्या आत चार गावकऱ्यांना फाशी दिली, तीही गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर. चार. आपल्या इथे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्याला, १२ जानेवारी १९३१ म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांसमोर येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे ते चौघं येतात त्याला, हा आकडा ऐकून काय होतं ते मी सांगायला नको. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. आणि माझ्या डोक्यात जे राहिलं ते हे, की कबुतरांसाठी अंगावर बंदूक घेणारी ती माणसं कबुतर खाणारी होती. नेम धरून मजा म्हणून मारणारा वेगळा. ज्याच्या ताटात ते येणार असतं त्याला ते किती दिवसांत मोठं होतं, काय खातं, कुठे बसतं, सगळं माहीत असतं, कारण ते त्याचं असतं.

आमच्या सोसायटीतली कबुतरं कुणाचीच नाहीत. वरच्या मजल्यावरचे एक काका रोज पहाटे गच्चीवर दोन किलो ज्वारी टाकतात, त्यांच्या वडिलांच्या नावाने, गेली अकरा वर्षं. चांगला माणूस आहे, मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. पण दाणे टाकून ते खाली जातात, आणि कबुतरं दिवसभर आमच्या खिडक्यांवर बसतात. देणारा बघत नाही, सोसणारा शिव्या देतो. आणि दोघांच्या मध्ये पक्षी वाढतच चाललाय, कारण दाणे बारा महिने आहेत, त्याला पकडून खाणारा ससाणा शहरात क्वचितच, आणि त्याच्या कोनाड्यात हात घालणारं कुणी नाही. पारव्याची जोडी पोट भरलेलं असलं की वर्षातून पाच-सहा वेळा पण अंडी घालते. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, ५१ कबुतरखाने बंद करायचं ठरलं, दादरचा ताडपत्रीने झाकला, ६ ऑगस्टला लोकांनी येऊन ती ताडपत्री ओढून काढली. टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसं किंचाळत होती आणि दोन्ही बाजू खऱ्याच बोलत होत्या, एकीकडे कुणाच्या तरी आईची फुप्फुसं, एकीकडे उपाशी पक्षी. मला दोघांचंही पटत होतं आणि म्हणून जास्त त्रास होत होता.

मग वॉचमनचं बरोबर होतं का? पाचशे रुपयांच्या प्रकरणानंतर चार दिवसांनी मी त्याच्या खोलीवर गेलो. कापलेले पैसे माझ्याकडून दिले, त्याने घ्यायला नको नको केलं, शेवटी त्याच्या बायकोने घेतले. मग मी त्याला सांगितलं की मीपण खाल्लेत. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाला, "विहिरीतले?" म्हटलं हो. मग आम्ही अर्धा तास विहिरींबद्दल बोललो. त्यांच्याकडे चादर नाही, घोंगडं टाकायचे म्हणे तोंडावर.

पण मी त्याला एक गोष्ट सांगितली आणि ती इथेही लिहितो. गावचा पारवा ज्वारी खायचा, विहिरीचं पाणी प्यायचा. हे शहरातलं कबुतर गटारीचं पाणी पितं, फरसाण आणि हॉटेलचं उरलेलं खातं, कुणी उंदरांना घातलेलं औषध खातं, रस्त्याकडेचे खडे गिळतं, धुळीतलं शिसं त्याच्या अंगात साठतं. त्याच्या विष्ठेत असल्या बुरश्या असतात की अशक्त माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. चाचा जे म्हणाले होते, माझ्या हातचे दाणे खाल्लेत, चोखे आहेत, ते म्हणायला या कबुतरांसाठी कुणी नाही. म्हणून खाऊ नकोस, पोरांना तर देऊच नकोस. त्याने मान हलवली. म्हणाला, चव पण तशी नव्हती साहेब, चिवट होतं.

मोठी, उडणारी पकडली होती त्याने. रात्री गच्चीच्या कठड्यावर बसलेली. विहिरीतल्यासारखं कोनाड्यात हात घालून चाचपायला इथे कुठला कोनाडा.

आता आमच्या कूलरमागचं. जाळीवाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात येणार होता. कूलर सरकवला तर मागे दोन अंडी. पारवा बसलेला, उडाला नाही, फक्त मान फुगवून एक पंख उचलून धमकी दिली. दिवसा नर बसतो, संध्याकाळी मादी येते आणि रात्रभर ती, हे मला तेव्हा कळलं, कारण मग आम्ही बघायला लागलो. बायको म्हणाली आत्ताच्या आत्ता काढ, आईंची तब्येत. तिचं चूक नव्हतं काहीच. मी हात पुढे केला आणि मला मामाचा हात आठवला, अंडी लागली की मागे येणारा.

निर्णय आईनेच घेतला. आतल्या खोलीतून म्हणाली, "किती दिवस लागतील?" म्हटलं अंडी फुटायला सतरा-अठरा, मग पिल्लू उडायला महिनाभर. म्हणाली, "मी बार्शीला जाते धाकट्याकडे. उडाली की जाळी लाव आणि मला न्यायला ये." मी वाद घातला. तर मला म्हणाली, "अरे, तो शिकारी पावसात झाडाखाली येऊन बसला थंडीने काकडत, तर त्या कपोताने पाहुणा म्हणून स्वतःला विस्तवात टाकलं, आपल्याला नुसतं बार्शीला जायचंय." भीष्म युधिष्ठिराला सांगतो ती गोष्ट, आईने प्रवचनात कितीदा ऐकलेली. पोरगीने कॅलेंडरवर खुणा सुरू केल्या.

बाल्कनीचं दार आम्ही दीड महिना बंद ठेवलं, फटींना टेप. काचेतून बघायचं. पिल्लं किती कुरूप असतात सुरुवातीला, पिवळी लव, मोठी चोच, डोळे मिटलेले. पहिला आठवडाभर आईबाप दोघंही त्यांना घशातून एक दुधासारखं काहीतरी पाजतात, हो, नरसुद्धा, पक्ष्यांत हे फार थोड्यांना जमतं. पोरगी काचेला नाक लावून बसायची. तिसाव्या दिवशी एक कूलरच्या वर चढलं. तेहतिसाव्या दिवशी गेलं. दुसरं अजून दोन दिवस थांबलं, कठड्यावर यायचं, परत मागे जायचं.

मग मास्क लावून, सगळं आधी पाण्याने आणि जंतुनाशकाने भिजवून, कोरडं अजिबात झाडायचं नाही हे लक्षात ठेवा, झाडलं की भुकटी उडते, मी तो थर खरवडला. एक पोतं भरलं. कूलर भंगारात दिला. जाळी लावली. वरच्या काकांना जाऊन आईचा स्कॅन दाखवला, त्यांनी बराच वेळ तो हातात धरला, आणि आता ते ज्वारी गच्चीवर टाकत नाहीत, माळावर घेऊन जातात स्कूटरवरून. ग्रुपवर मी वॉचमनबद्दल लिहिलं, मी काय खाल्लंय तेही लिहिलं. तिघांनी काही उत्तर दिलं नाही आणि अजून बोलत नाहीत.

आईला एप्रिलच्या शेवटी बार्शीहून आणलं. खोकला कमी आहे, गेलेला नाही. त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला, आता ८१ वर्षांचा आहे, कानाला कमी ऐकू येतं त्यामुळे स्पीकरवर ओरडून बोलावं लागतं. आईने त्याला सगळं सांगितलं, अंडी, बार्शी, जाळी.

"पिल्लं किती व्हती?" मामाने विचारलं.

"दोन रे. दोन्ही उडाली चांगली."

"दोन्ही?" फोनवर जरा वेळ नुसती घरघर. "मग एक तुमचं यायचं ऱ्हायलं की गं."

आई हसायला लागली, हसता हसता खोकली, आणि मी पाणी आणायला उठलो.